राजकन्येला असा आवाज नसतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, पाठच्या बहिणीला नाही. सकाळी लिंगपूजेला बसते तेव्हासुद्धा हा विषय मनात आला की मी पटकन डोळे उघडते आणि उठते. अकरा वर्षं झाली. सांगायचं ठरवलं की मला हमखास काहीतरी काम आठवतं — आत्ताच दोनदा उठून गॅस बघून आले, आणि गॅसवर काही ठेवलेलंच नव्हतं.

तर आता बसते. तुम्हीही बसा. मध्येच उठले तर समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

मी सेलूची. माहेर जिंतूरकडचं, पण चोवीस वर्षं झाली, सेलूतच आहे. मोंढ्याच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान. गावाला मी दुकानदाराची बायको म्हणून माहीत. पण तुमच्या घरात लहान लेकरू असेल तर तुम्ही मला ऐकलेलं आहे. लेकरू जेवत नाही म्हणून आया मोबाइलवर परीकथांची कार्टून लावून देतात ना — राजकन्या, चेटकीण, पांढरा घोडा, शेवटी लग्न? त्यातल्या बऱ्याच राजकन्या म्हणजे मी. साडी खोचलेली, हाताला हळद लागलेली, सेलूची राजकन्या. हसा, हसा. मीही हसायचे.

काम असं होतं. संभाजीनगरला एक लहानशी कंपनी होती. चित्रं कुठून तरी आधीच तयार होऊन यायची, त्यात हिंदी बोलणं भरलेलं असायचं. मी त्याचं मराठी लिहायचे आणि बायकांचे सगळे आवाजही मीच काढायचे. ह्या कामात एकच कायदा — चित्र बदलत नाही. राजकन्येचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढंच बोलायचं. ओठ मिटले की वाक्य संपलं पाहिजे. आत शब्द कोणते घालायचे ते लिहिणाऱ्याच्या हातात. ‘मला वाचवा’च्या जागी मी ‘वांगी आणा’ म्हटलं असतं तरी ओठ बरोबर बसले असते. कळलं का, मी हे का सांगतेय? राजकन्येनं रडलंच पाहिजे, असं मला कंपनीनं कधी लिहून दिलं नव्हतं. मी आपली रडवत होते. सवयीनं.

रेकॉर्डिंग आमच्या गोदामात चालायचं. साखरेच्या आणि पोह्यांच्या पोत्यांच्या मध्ये स्टूल टाकून बसायचं, कारण पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही. दुपारी एक ते तीन. ह्यांची झोपायची वेळ, रस्ताही जरा गप्प. मिरचीचं पोतं उघडं राहिलं की राजकन्येला ठसका लागायचा आणि सगळं पहिल्यापासून.

आवाजांचंही ठरलेलं होतं. बारीक आवाज म्हणजे चांगली मुलगी. जाड आवाज म्हणजे चेटकीण, सावत्र आई, नाहीतर राक्षसाची बायको. हे कुणी ठरवलं? मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही. आणि खरं सांगू का, माझा स्वतःचा आवाज मुळात जाड. माहेरी मला ‘भोंगा’ म्हणायचे, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या भोंग्यावरून. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई एका शब्दानं काही बोलल्या नाहीत, देवमाणूस होत्या. माझा मीच आवाज खाली आणला. गाल वर ओढायचे, ओठ हसरे ठेवायचे, श्वास अर्धाच घ्यायचा आणि घसा वरून आवळायचा — झाली राजकन्या. पुढं मला त्याचंच काम मिळालं, म्हणून मी स्वतःला लय हुशार समजत होते.

आता शंभू. माझी लेक. नाव शांभवी, पण घरात सगळे शंभू म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. आम्हा लिंगायतांत मुलीलाही मुलासारखंच इष्टलिंग देतात — गळ्यात बांधतात, हातावर घेऊन पूजा करायला शिकवतात, दोघांत फरक करत नाहीत. शंभूची दीक्षा आठव्या वर्षी झाली. महाराजांनी तिच्या कानात मंत्र सांगितला आणि म्हणाले, आता हळूच म्हण. हळूच कसलं? पोरीनं असा खणखणीत म्हटला की मांडवाबाहेर चपला सांभाळत बसलेल्या म्हातारीनं तिथून हात जोडले. बाया हसल्या, महाराजही हसले. मी तर फुलून गेले होते. हे मुद्दाम सांगतेय. पुढं मी जे केलं ते मला धर्मानं शिकवलं नव्हतं, सासरनं नाही आणि माहेरनंही नाही.

तिचा आवाज जाड होता. भसाडा नाही बरं का. जाड, भरलेला, पोटातून येणारा. ‘पप्पा, गिऱ्हाईक आलंय’ म्हणून हाक मारली की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकही उठून आमच्याकडं यायचं. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट गोदामात. गूळ चघळत पोत्यावर बसायची आणि माझं काम बघायची. कधी एखादी खार, कधी गावातलं पोरगं, असे दोन-चार शब्द मी तिच्याकडून म्हणवून घ्यायचे. त्या दिवशी ती रात्री जेवताना चारदा सांगायची, आज म्या खार झाले होते.

मला ती आवडायची. हे सांगायची गरज आहे का? आई आहे मी तिची. पण आज हे वाक्य मला मनात दोनदा म्हणून बघावं लागलं.

एक गोष्ट आली होती. तळ्यातल्या बेटावर राक्षसानं डांबून ठेवलेली राजकन्या, त्याच्या घरात एक जाड आवाजाची चेटकीण. अख्ख्या गोष्टीत तिला चार वाक्यं — कोण आहे तिकडे, मला भीती वाटते, राजकुमार मला वाचवा, आणि शेवटी, आलात तुम्ही. उरलेला वेळ ती केस विंचरायची. राजकुमार पोहत यायचा, राक्षसाला मारायचा आणि काठाला बांधलेल्या नावेत बसवून तिला घेऊन जायचा.

त्या दिवशी माझा घसा बसला होता. ओठांचं माप तर घ्यायचं होतं, म्हणून मी शंभूला म्हटलं, तू म्हणून बघ, मी उद्या माझ्या आवाजात भरते. ती स्टुलावर बसली, कानाला हेडफोन लावला, चित्र बघितलं. बघतच राहिली. मग हेडफोन काढून म्हणाली, “मम्मी, नाव तर हितंच बांधलीय. ही कामून बसून जात न्हाई?”

मी म्हटलं, तिला चालवता येत नाही. तर म्हणे, शिकावं की, दिवसभर तिला दुसरं काय काम हाय? मी म्हटलं, शहाणी आहेस, जे लिहिलंय ते म्हण. तिनं हेडफोन लावला. मी चित्र चालू केलं. राजकन्येचे ओठ उघडले आणि माझ्या पोरीनं आपल्या त्या भरल्या आवाजात म्हटलं, “सरका तिकडं, नाव सोडते मी.”

काय सांगू तुम्हाला! ओठ असे चपखल बसले की मी वर्षानुवर्षं काम करून कधी बसवले नव्हते. त्या विंचरलेल्या, गुलाबी गालांच्या राजकन्येच्या तोंडातून तो आवाज आला आणि ती एकदम कुणाची तरी खरी मुलगी वाटायला लागली. आम्ही दोघी पोत्यावर पडून हसलो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तेव्हा माझ्या मनात काही काळं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला. मी माझ्या आवाजात, व्यवस्थित, ‘राजकुमार, मला वाचवा’ भरलं. दोन्ही फायलींची नावं सारखीच, शेवटचा एक आकडा तेवढा वेगळा. तीनला लाईट जायची म्हणून घाईघाईनं पाठवली. संध्याकाळी बघते तर शंभूची गेली होती. मी कपाळावर हात मारला. शंभू मात्र नाचायला लागली. रोज शाळेतून आली की पहिला प्रश्न — कंपनीचा फोन आला का?

तिसऱ्या दिवशी आला. ती शाळेत होती. मी दुपारच्या चहाचं आधण ठेवत होते. कंपनीच्या मॅडम होत्या. मी आधीच माफी मागायला लागले, की चूक झाली, लेकरानं गंमत केली, खरी फाइल पाठवते. त्या म्हणाल्या, थांबा हो, आधी ऐका. ऑफिसात सगळ्यांनी चारदा बघितलं, म्हणाल्या. सगळ्या राजकन्या एकसारख्या चिवचिवतात आणि मॅडमना स्वतःलाच त्याचा कंटाळा आला होता. ही गोष्ट आपण तुमच्या मुलीच्या आवाजातच करू. चित्र तेच ठेवू, नावेत ती पुढंच बसलेली आहे, नाव तीच चालवतेय असं बोलणं लिहा. आणि पुढच्या सहा गोष्टींत मुख्य मुलगी तीच. सुट्टीत तिला इकडं घेऊन या. तुम्ही लिहा, ती बोलेल.

आणि मग त्या सहज म्हणाल्या, तुमच्या आवाजाची आपण आई करू, नाहीतर आजी.

आता जरा उठते.

आले. पाणी प्यायले. सांगते.

मी म्हणाले, तिला आवड नाही. मी म्हणाले, अहो, तिला मी बळजबरीनंच बसवलं होतं, रडत होती, लेकराला कशाला ताण. मी हे सगळं राजकन्येच्या आवाजात म्हणाले. मॅडम हळहळल्या. बघा विचार करून, म्हणाल्या. नंतर दोनदा त्यांनी फोन केला, दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. तोवर माझी फाइल पाठवून झाली होती. त्यांनी ती घेतली.

पण हे अर्धंच आहे. एवढंच असतं तर मी कदाचित इतकी वर्षं अशी येरझाऱ्या घालत बसले नसते. पोरीची एक संधी गेली, म्हटलं असतं. कुणाच्या जात नाहीत?

साडेपाचला शंभू आली. दारातूनच विचारलं, फोन आला का? मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. मी म्हटलं, “आला होता. कंपनी म्हणाली, राजकन्येला असा आवाज नसतो. पोराचा वाटतो.”

हे कंपनी कधीच म्हणाली नव्हती. हे मी म्हणाले.

असं का केलं? मी अकरा वर्षं स्वतःला कारणं पुरवली. अभ्यास बुडाला असता. नातेवाइकांनी नावं ठेवली असती, आमच्या ह्यांनी पाठवलं नसतं. सगळं झूट. ह्यांना सांगितलं असतं तर तेच दुकान बंद करून तिला संभाजीनगरला घेऊन गेले असते, पेढे वाटत. मला हेवा वाटला. नऊ वर्षांच्या पोरीचा. माझा जो आवाज मी दाबून, पिळून, बारीक करून, त्याच्यावर शाबासक्या मिळवल्या, तोच आवाज ही पोरगी न दाबता बोलली आणि तो लोकांना हवा होता. मग माझं काय? मी कशासाठी दाबला? हा राग मला स्वतःवर काढता आला नाही. तिच्यावर काढला.

ती रडली नाही. रडली असती तर मी फुटले असते, सांगून टाकलं असतं — असंही मी स्वतःला सांगत आलेय, पण खात्री देत नाही. ती तिथंच उभी राहिली. पोराचा म्हणजे कसा, एवढं तिनं विचारलं. मग तिनं घसा खाकरला. पुन्हा खाकरला. आणि आत निघून गेली.

दोन दिवसांनी मी गोदामात बसलेले असताना ती आली. पोत्यावर बसली नाही, उभीच. “मम्मी, मग मला बारीक बोलायचं शिकव ना.”

आणि मी शिकवलं.

हे सांगतानाही मला जागेवर बसवत नाहीये. मी शिकवलं हो! सगळं. गाल कसे वर घ्यायचे, श्वास पोटापर्यंत जाऊ द्यायचा नाही, वाक्याच्या शेवटी आवाज कसा सोडून द्यायचा. ती हुशार, पंधरा दिवसांत जमलं. आरशासमोर उभी राहून म्हणायची, मला भीती वाटते, मला भीती वाटते. मी चुका काढायचे. चांगलं आलं की शाबास म्हणायचे. ती विचारायची, आता पाठवायचं का कंपनीला? मी म्हणायचे, अजून थोडं. वर्षभर मी अजून थोडं म्हणत राहिले. मग तिनं विचारणं सोडलं.

लोकांना आवडलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, शांभवी किती समंजस झालीय. आल्यागेल्यानं म्हटलं, पोरीला चांगलं वळण लावलं तुमी. पुढं एक दिवस जेवताना तिनं पप्पांना सांगितलं, मला शंभू म्हणायचं नाही, शांभवी म्हणा. हे हसले, म्हणाले, बरं बाईसाहेब. मी ताटात बघत होते. त्या वर्षी शिवनाम सप्ताहात बायांनी तिला नेहमीसारखं भजनाला पुढं ओढलं. मागच्या वर्षी हिनं सुरुवात केली तर माइक लागला नव्हता. ह्या वर्षी तिनं मान हलवली आणि माझ्या मागं येऊन बसली.

ती गोष्ट मात्र चालली. लय चालली. तळ्यातली राजकन्या घरोघर पोचली. पुढच्या उन्हाळ्यात झरीला माझ्या नणंदेच्या घरी लग्न होतं. दुपारी अंगणात पोरी खेळत होत्या. बाजेचं बेट केलं होतं. नणंदेची धाकटी बाजेवर बसून माझ्या आवाजात ओरडत होती, राजकुमार, मला वाचवा. हुबेहूब माझा आवाज, बारीक, शेवटी सोडून दिलेला. पाच वर्षांची असेल. एक झाली की दुसरी बसायची, सगळ्यांना राजकन्याच व्हायचं होतं. मग कुणीतरी विचारलं, राक्षसाकडची चेटकीण कोण होणार? एकही पुढं येईना. आणि शंभू उठली. म्हणाली, “मी होते. माझा आवाज तसाच हाय.”

मी पंगतीत वाढत होते. वरणाचं भांडं हातात होतं. मी ऐकलं, आणि पुढच्या पानावर वाढायला गेले.

ती सोळा वर्षांची असताना तिचा घसा वरचेवर बसायला लागला. महिन्यातून आठ-आठ दिवस आवाजच निघेना. परभणीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घसा तपासला आणि मला विचारलं, ही नेहमी अशीच बोलते का? घशावर जोर देऊन आवाज चढवतेय, हा तिचा आवाज दिसत नाही. मग तिला म्हणाले, बाळ, तुझ्या नेहमीच्या आवाजात नाव सांग. शंभूनं माझ्याकडं बघितलं. तिला माहीत नव्हतं हो, नेहमीचा म्हणजे कुठला. मला माहीत होता. मी म्हणाले, सर्दी असते डॉक्टर, कफाची प्रकृती आहे तिची. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. येताना आम्ही रसवंतीवर थांबलो, तिनं रस नको म्हटलं.

कंपनी पुढं बंद पडली. माझं काम सुटलं. मला वाटलं होतं, ते सुटलं की हेही सुटेल. दुकानात लहान पोरी येतात, चॉकलेट मागतात, त्या बारीक मधाळ सुरात, मान तिरकी करून. आया कौतुकानं सांगतात, दिवसभर ते राजकन्येचं बघते ना, तसंच बोलते. मी सुट्टे पैसे देते आणि आत जाते.

आता अलीकडचं सांगते, मग झालं.

शंभू यंदा वीस वर्षांची झाली. परभणीला शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासात पहिली. कपाशीवरच्या बोंडअळीचं तिला जेवढं कळतं तेवढं तिच्या सरांनाही कळत नाही, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. शेवटच्या वर्षाला पोरांना खेड्यात ठेवतात, शेतकऱ्यांना माहिती सांगायला. हिला नेमकं झरी आलं. बाकीची पोरं पारावर उभी राहून बोलायची, ही मागं बसून फॉर्म भरायची. एकदा सरांनी बळंच उभं केलं. मागच्या म्हाताऱ्यानं म्हटलं, पोरी, ऐकू येईना. दुसरं कुणीतरी म्हणालं, राहू द्या, पोरीची जात हाय, लाजायलीय. ही खाली बसली. हे मला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, तिनं नाही.

मग सरांनी प्रत्येकाला एक काम दिलं. आपापल्या आवाजात दोन मिनिटांचा निरोप भरायचा, बोंडअळीचे सापळे कधी लावायचे, किती लावायचे, आणि तो गावांच्या ग्रुपवर टाकायचा. त्यावरही मार्क होते. हिनं मजकूर लिहिला. मला वाचून दाखवला फोनवर. काय सुंदर लिहिलं होतं, सरळ, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. मी म्हटलं, भर मग. तिकडून कागद घडी घातल्याचा आवाज आला. मग त्या बारीक, फाटक्या आवाजात म्हणाली, “मम्मी, तू बोल ना माझ्या जागी. माझा आवाज चांगला न्हाई. कंपनीनं सांगितलं होतं की.”

अकरा वर्षं. तिला ते वाक्य पाठ होतं. कंपनीचं नाव कुणाला आठवत नाही, पण हिला ते वाक्य पाठ होतं.

बघा, फोन माझ्या कानाला होता. घरात कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं — कंपनी तसं म्हणाली नव्हती, शंभू, मी म्हणाले होते. एवढंच. ओठ उघडले होते माझे. ती तिकडून हॅलो, हॅलो म्हणत होती, तिला वाटलं रेंज गेली.

मी म्हटलं, पाठव मजकूर.

गोदामात जाऊन बसले. गाल वर घेतले, श्वास अर्धा घेतला. ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो, मी शांभवी बोलतेय.’ एका झटक्यात जमलं, पुन्हा भरावं लागलं नाही. तिला पाठवलं, तिनं पुढं पाठवलं. तिला मार्क चांगले पडले. मम्मी, तू होतीस म्हणून झालं, असा तिचा मेसेज आला.

तो निरोप जिल्ह्यात बराच फिरला. परवा झरीहून नणंदेचा फोन आला होता. तिच्या घरच्यांनी ऐकला, शेजाऱ्यांनी ऐकला. म्हणाली, “वैनी, शांभवीचा आवाज किती गोड झालाय हो. तिचाच हाय ना?”

मी हो म्हणाले. तिचाच आहे म्हणाले.